राखेतली दोन वांगी

शिरूर कासारच्या एसटीत खिडकीबाहेर बघण्यासारखं हिरवं काही उरलं नव्हतं, म्हणून कौशल्याबाईनं पुढच्या सीटकडे कान दिला. तिथं कोयते घडवणारा शफी आणि त्याचा दोस्त शहादेव बसले होते.

"झालं का बे मंजूर, शफी?"

"झालं! विकास बँकेचा कर्जाचा कागद खिशात हाय. लोखंड, कोळसा, समदं येतंय आता."

"आन् तुझे चार कामगार?"

"कुनीच ऊसतोडीला जात न्हाई. पर लई घोळ घातलता म्या. बँकेचा साहेब तपासायला येनार म्हनून आदल्या दिशी भट्टी विझवली, झाडलोट केली, कामगारांना सुट्टी दिली."

"कावून?"

"पाहुन्याला धूर-काजळी दाखवायची का? साहेब म्हनले, दुष्काळात जे धंदे चालू हायत त्यान्लाच मदत. तुमचं तर बंद दिसतंय."

"मंग?"

"मी शपथा घेतोय, साहेब फायलीत लिवतोय. तेवढ्यात आमची घरवाली जुलेखा आली, तिनं चिमट्यानं राख उकरली आन् भरताची दोन वांगी काढली. मऊ भाजलेली!"

"विझल्या भट्टीत?"

"साहेबानं बी हेच इचारलं. ही म्हनली, रोज इथंच भाजते, आतली आग दोन दिस जात न्हाई. साहेबानं राखेवर हात धरला आन् झटक्यानं मागं घेतला. मंग लिवलेलं खोडलं."

शहादेव खो खो हसला. कौशल्याबाईनं पिशवीतला बोथट कोयता चाचपला.

"भाऊ, उद्या भट्टी पेटलेली असंल का?"

"असंल की, मावशी. येताना वांगी आना."