पट्टीने मोजलेले आठशे मीटर

हॅलो? … हां, बोल चिमे. ऑफिसातच आहे, आणखी कुठे असणार. …

अगं हळू. आधी श्वास घे, मग भांड. …

हो, वाचलं. सकाळी इथे प्रत्येक टेबलावर तोच पेपर पसरलेला होता. 'शेजारच्या पालिकेचा सहा हजार घरांना विरोध.' आता शेजारची पालिका म्हणजे आम्ही, आणि आमच्याकडे नकाशे, रस्ते, घरं यांच्यावर मत लिहायचं काम कुणाचं, तर माझं. म्हणून पहिला फोन ताईला. कळलं. …

नाही. … नाही गं. … तुझं घर अडवायला मला काय वेड लागलंय? ऐक ना जरा. …

तो साहेबांचा पहिला मसुदा होता. फुटला तो, कसा ते मला विचारू नकोस. त्यात लिहिलं होतं की, नदीपलीकडे तुमच्या हद्दीत एवढी घरं झाली तर आमचे रस्ते तुंबतील, आमच्या स्टेशनवर पाय ठेवायला जागा उरणार नाही, सबब घरं दुसरीकडे बांधावीत. मी वाचला आणि परत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, साहेब, दुसरीकडे म्हणजे कुठे? माणसं काय हवेत राहणार आहेत? …

हो, अस्संच म्हणाले मी त्यांना. एकोणीस वर्षं झाली, त्यांना माझी सवय आहे. …

मग नवीन पत्र लिहिलं. मीच लिहिलं. पहिलंच वाक्य ऐक, पाठ आहे मला. 'या भागात घरांची गरज आहे आणि सहा हजार घरांना आमच्या पालिकेची संमती आहे.' झालं समाधान? …

'पण' आहे. असणारच. नुसती संमती कळवायला मला पगार देतात का? …

सांगते. पण आधी मला एक सांग, तुम्ही दोघं जागा बघायला गेलात तेव्हा गेलात कसे? …

हां, बिल्डरच्या गाडीने. गार पाणी, गुळगुळीत पुस्तिका, ती छोटी छोटी झाडं लावलेली प्रतिकृती, सगळं दाखवलं असेल. … आणि त्यांच्या ऑफिसच्या गॅलरीतून काय दिसलं? …

बरोबर. स्टेशन दिसलं. समोरच. गाडीची घोषणासुद्धा ऐकू आली, तूच मला सांगितलं होतंस त्या दिवशी, केवढी खूश होतीस. … आणि मधे काय होतं, चिमे? …

नदी. मधे नदी होती. …

अगं, मी गंमत करत नाहीये. तुमच्या पालिकेचा नकाशा आत्ता माझ्यासमोर जमिनीवर अंथरलाय, एका कोपऱ्यावर स्टेपलर, एकावर पाण्याची बाटली, एकावर माझीच चप्पल. त्यात कुणीतरी स्टेशनवर कंपासचं टोक ठेवलंय आणि एक झकास गोल काढलाय. आठशे मीटर. तुमची सगळी घरं त्या गोलात. गोल काढणाऱ्याला पाणी लागलंच नाही, तो नदीवरून तसाच पुढे गेला. …

पूल? पूल आहे ना. जुना. साखर गोदामांच्या तिकडे, दोन-अडीच किलोमीटर वर. तिथपर्यंत जायचं, पलीकडे उतरायचं आणि तेवढंच परत खाली यायचं. …

'जवळपास' वगैरे नाही, चालून बघितलंय मी. मागच्या रविवारी. तुझ्या भाऊजींना घेऊन. बिल्डरच्या त्या झेंडे लावलेल्या ऑफिसपासून घड्याळ लावून निघालो. अर्ध्या वाटेत हे एका कठड्यावर बसले, बूट काढले आणि म्हणाले, तू हो पुढे, मला इथेच पालिकेत दाखल करून घे. … हस, हस. एक तास आठ मिनिटं लागली. तेही उजेडात आणि रिकाम्या हातांनी. …

नाही, बस नाही. तेच तर सांगते आहे. आराखड्यात बस होती आधी. त्या गोलामुळे काढून टाकली. स्टेशन पायी अंतरावर आहे म्हटल्यावर बस कशाला, मोठा रस्ता कशाला. बस गेली, रस्ता निम्मा झाला, आणि हे सगळं त्या एका गोलाच्या जिवावर. …

मग तुझं काय? सातला तुझी लॅब उघडते. म्हणजे सहा दहाची गाडी. म्हणजे घरातून किती वाजता निघायचं? … नाही, पाचला नाही. पावणेपाचला. पिल्लूला कडेवर घेऊन, पाळणाघरात सोडायला. रोज. …

हो गं, ठाऊक आहे. … हो, ठाऊक आहे की तुम्ही सात वर्षं त्या दोन खोल्यांत काढलीत. … आणि न्हाणीघराचं दार लागत नाही. … ठाऊक आहे, चिमे. …

म्हणून मी पत्रात मागितलाय पादचारी पूल. सरळ, स्टेशनसमोर. त्यावरून पायी आठ मिनिटं. आणि काढलेली बस परत घालायची. दोन्ही पालिकांच्या आराखड्यांवर निर्णय देणाऱ्या विभागाच्या समितीला हे नाकारता येणार नाही, पैज लाव. आमची आणि तुमची पालिका, दोघींच्या नकाशांना नदीवर एकत्र जोडून दाखवलंय मी. आजवर कुणी जोडलेच नव्हते. तुमचा नकाशा काठावर संपतो, आमचाही काठावर संपतो, आणि नदी कुणाचीच नाही. …

मग 'पण' काय, म्हणजे? … सांगितलं की, पूल. …

हो. … हो, अट आहे एक. …

थांब, सांगते. 'पुलावरून ये-जा सुरू होईपर्यंत घरांचा ताबा देण्यात येऊ नये.' …

चिमे? … ऐकते आहेस ना? …

घरं दीड वर्षात होतील. पूल… आज सुरुवात केली तर अडीच. … हो, एक वर्ष जास्त. … कदाचित थोडं अधिक. …

नाही, साहेबांनी नाही घातली. … नगराध्यक्षांनीही नाही. … मी घातली. त्यांचा एकही शब्द नाही त्यात, ओळ माझी आहे. …

बोल. बोल तू, मी ऐकते. …

… …

हो, माझं घर आहे. ऑफिसपासून दहा मिनिटांवर आहे. खरं आहे. मला बोलायला सोपं आहे, हेही खरं आहे. … नाही, मी रागावत नाहीये. तुझा राग बरोबर आहे. …

का घातली ते ऐकशील? … एकदाच, मग फोन आपट हवा तर. …

टेकडीमागची ती नवी वसाहत आहे ना आमची, तिचा नकाशा मी काढला होता. नोकरीतलं पहिलं मोठं काम. त्यात मुख्य रस्त्याला जोडणारा एक रस्ता दाखवला होता, तुटक रेघेने. तुटक रेघ म्हणजे पुढे होणार. लोकांनी ती रेघ बघून घरं घेतली. सगळ्यांना किल्ल्या मिळाल्या. त्याला अकरा वर्षं झाली, चिमे, आणि ती रेघ अजून तुटकच आहे. तिथली एक बाई दर महिन्याला अर्ज घेऊन येते. भांडत नाही, अर्ज देते, पोच घेते आणि जाते. मला तिच्याकडे बघवत नाही. …

कारण एकदा लोक राहायला आले की कुणाला घाई उरत नाही गं. किल्ली हातात पडेपर्यंतच सगळे धावतात. बिल्डर धावतो, पालिका धावते. ताबा अडला तर पूल होतो. नाही अडला तर नाही होत. एवढं मला या नोकरीने शिकवलंय. आणि त्या गोलात तू राहणार आहेस म्हणून तर मी आणखीच घट्ट धरलं. …

साहेबांना? हो, सांगितलं सकाळीच. म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीची तिथे नोंदणी आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. तर त्यांनी ती अट दोनदा वाचली आणि विचारलं, बहिणीला हे माहीत आहे का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, मग तुम्हीच ठेवा काम, फक्त पत्राच्या खाली नातं लिहा. लिहिलं. …

नाही, आता नाही काढता येणार. तीनला सही झाली आणि गेलं पत्र. … आधी फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी काढलं असतं. म्हणून नाही केला. … चुकलं असेल. वाईट वाटतंय मला. जेवले नाही आज, डबा तसाच आहे. …

घरमालकाला जागा कधी हवी? … वर्षअखेर ना? मग आमच्या वरच्या खोलीत या. … अगं, उपकार कसले? इस्त्रीचे कपडे ठेवण्याशिवाय त्या खोलीचा काही उपयोग नाही. … भाऊजींना विचारलंय. ते म्हणाले, जावईबुवांना घोरायची सवय असेल तर मला सोबत होईल. …

लगेच हो म्हणू नकोस. नवऱ्याशी बोल आधी. …

काय? … परत सांग. …

दिवे. … पुलावर दिवे. … नाही. नाही गं, ते नाही लिहिलं मी. … हो, सहा दहाच्या गाडीला अंधारच असतो वर्षातले निम्मे दिवस. … आणि संध्याकाळी परत येतानाही. … रविवारी आम्ही उन्हात चाललो, माझ्या डोक्यातच आलं नाही. …

आणखी? … कठडा उंच हवा. पिल्लू चढतं, बरोबर. … आणि वर चढायला नुसता जिना नको, उतार हवा, बाबागाडीला. … चिमे, हे मला एकोणीस वर्षांत सुचलं नसतं. …

नाही, मी कशी लिहू? आमचं पत्र गेलं म्हणते ना. तू लिही. … तू, तू. कुणालाही लिहिता येतं, हरकती आणि सूचना म्हणतात त्याला, त्यासाठी ऑफिसर असावं लागत नाही. पाच वाजेपर्यंत मुदत आहे. आत्ता… चार सदतीस. मेलने चालतं, पत्ता पाठवते. …

भाषा कसली सुंदर लागते? आत्ता मला सांगितलंस तसंच लिही. मी अमुक वाजता निघणार, माझ्या कडेवर मूल असणार, मला दिवे हवेत, कठडा हवा, उतार हवा. …

माझ्या अटीबद्दल तुला पटेल ते लिही. विरोध कर हवा तर. मी वाचणार नाही. … नाही, खरंच नाही वाचणार. …

पटतंय? … बरं. मग तेही लिही. …

हो, खाली नाव आणि पत्ता. …

कुठला म्हणजे? … भाड्याचा नको लिहूस. त्या खोल्यांतल्या बाईला पुलाचं काय, म्हणतील. … नव्या घराचा लिही. … अगं, माहीत आहे की तिथे अजून वीटसुद्धा नाही. तरी तोच लिही. इमारत कुठली? … मजला? … चौथा. घरक्रमांक? … हां. अस्संच लिही सगळं, ओळीने, आणि खाली सही कर.

आता मी ठेवते. … नाही, काही बोलू नकोस, वीस मिनिटं राहिलीत. लिहायला बस.