आत्याचं 'मेल्या'

आमच्या आत्याच्या तोंडी शिवी एकच, 'मेल्या', आणि तीही फक्त आवडत्या माणसांना. दूधवाल्या मुरुगनला मराठीचा गंध नाही, तरी तो या हाकेला ओ देतो.

पुण्याचा निखिल मला मागणी घालायला तंजावरला येणार होता, तेव्हा मी तिला बजावलं, "त्याला मेल्या म्हणालीस तर बघ! जिवंत माणसाला मेलेला म्हणतात का कुणी?"

"नाही म्हणत, बाई."

निखिल आला. "तुम्ही बसा. तुम्ही कॉफी घ्या," आत्या म्हणाली. 'तुम्ही' ती फक्त विमा एजंटला म्हणते, तेही त्याला वाटेला लावताना. आता हाही गेला, असंच मला वाटलं.

तेवढ्यात निखिलनं इथल्या रीतीप्रमाणे पेला ओठांना न लावता कॉफी वरून तोंडात ओतली. ती सगळी शर्टावर.

"मेल्या!" आत्या ओरडली. "घरचाच पेला आहे, ओठ लाव की!"

माझा जीव भांड्यात पडला.

लग्नानंतर जावईबापू परवा एकटेच आत्याकडे गेले होते. तिथून घाबरून मला फोन: "अगं, आत्या मला 'तुम्ही' म्हणाल्या. माझं काय चुकलं?"