खिशात मावणारं पुस्तक मी काढलं

माझं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवंला लागून, आई कानडी बोलायची आन् बाप मराठी, आन् शाळा म्हणाल तर चौथीपातूर, त्यातलं बी निम्मं मेंढरामागं गेलं. अजून वाचतो तर ओळीवर बोट ठिवून वाचतो. पण काय सांगू तुमाला, पुस्तकाची बांधणी डोळं झाकून नुसत्या हातानं सांगीन. सांगलीत आलो तवा मिसरूड फुटलं न्हवतं, एका छापखान्यात बांधणीला लागलो.

छापखान्याची पुस्तकं इकायला साताऱ्याला जायचो. एकदा स्टँडवर सुट्टी संपवून निघालेला फौजी भेटला, त्यानं एक जाडजूड पुस्तक उचललं, चाळलं, परत ठिवलं. म्हनला, गड्या, ट्रंकेत जागा न्हाई, खिशात मावंल असं काडा की. मी तितंच त्याच्या वर्दीच्या खिशावर बोटं ठिवून माप घेतलं. त्यो हसाय लागला, आरं शिंपी हायस का काय? सांगलीला आलो, एका पुस्तकाचा पुठ्ठा काडून टाकला, शिवण काडून टाकली, पाठीला चिकटवायला नुसता सरस लावला, वर रंगीत कागुद, आन् त्या मापाला कापलं. आमच्या भागात तवा असलं कुणीच करत न्हवतं. मालक म्हनला, ह्ये पुस्तक न्हाई, बिडीचं पाकीट हाय. म्हटलं, बिडीएवढं खपलं तरी बास, आन् नोकरी सोडली.

वाचणारा माणूस पायजे हुता, म्हणून बापू मास्तरला संगं घेतला. माझ्याच खोलीत राहायचा, मॅट्रिक झालेला, आवाज खणखणीत. आमची रीत अशी, कुणाची गोष्ट आली की छापायच्या आदी न्हाव्याच्या दुकानात जायचं, बापूनं मोठ्यानं वाचायचं आन् मी गिऱ्हाइकांची तोंडं बघायची. दाढी झाली तरी माणूस बसून राहिला तर गोष्ट पास. उठला तर त्या पानावर मी खूण करायचो, तितनं पुढं लिवणाऱ्यानं परत लिवायचं. एक लेखक लय चिडला, म्हनला, माझी परीक्षा न्हावी घेणार व्हय? म्हटलं, न्हावी न्हाई, त्याचं गिऱ्हाईक घेतंय.

आता माझी चूक ऐका. पयल्या पुस्तकावर प्रकाशक म्हणून नाव कुणाचं घालायचं? मीच म्हनलो, बापूचं घाला. चौथी शिकलेल्याचं नाव बघून पुस्तक कोण हातात धरंल, असं मला वाटलं. बापू नको म्हणत हुता, खोटं बोलणार न्हाई. ज्ञानू, लेकरू तुझं, नाव तुझं लाव, म्हनला. मी ऐकलं न्हाई. पुढं ढिगानं पुस्तकं निघाली, सगळ्यांवर बापूच. बायको म्हणायची, आवं, एकावर तरी तुमचं घाला की. मी म्हणायचो, बापू काय परका हाय का?

गेल्या साली सांगलीत बापूचा सत्कार झाला, खिशातलं पुस्तक काडणारा पयला माणूस म्हणून. मला वाटलं, हितं तरी खरं सांगंल. धुतलेला फेटा बांधून गेलो, मधल्या रांगेत बसलो. बापू लय वेळ बोलला. फौजी सांगितला, खिशाचं माप सांगितलं, न्हाव्याचं दुकान सांगितलं, आन् सगळीकडं मी, मी, मी. खिशावरली बोटं बी त्याचीच. मग माझ्यानं बसवंना, हुबा राहिलो. त्यानं बघितलं, मला वाटलं, आता खरं बोलतोय. तर म्हनला, ह्ये आमचे ज्ञानू, आमच्याकडं बांधणीला हुते. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापू त्याला मिळालेली शाल घिऊन घरी आला. ज्ञानू, इतकी वर्सं लोकं म्हणत गेली, आन् मलाच खरं वाटाय लागलं रं. च्या दिला, शाल परत दिली. म्हटलं, पुढच्या सभेत सांग. आता कसं सांगू, म्हनला, लोकं काय म्हणतील? तवापासनं मी त्याच्या दारात गेलो न्हाई, आन् जाणार बी न्हाई.

पर बापू आजारी हाय असं कळलं की जीव खालवर हुतो. छापखान्याचा मालक गेला, न्हावी गेला, माझी बायको गेली. ह्ये सगळं माझं हुतं, ह्ये डोळ्यांनी बघितलेला आता त्यो एकटाच उरलाय. देव त्याला लय आयुष्य देवो.