ढकलण्याचं कौतुक पुरे

कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे विश्वस्त माननीय यज्ञेश्वरशेठ, पोलादपूरहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर आमोद, आजच्या सत्कारमूर्ती सुनीतीताई, आणि पाचाड, नाते व वरच्या वाड्यांवरून मिळेल त्या वाहनाने महाडला पोचलेल्या माझ्या मायबहिणींनो आणि बंधूंनो,

मी चैत्राली. बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. पाचाडच्या दवाखान्यातल्या आपल्या सिस्टर, सुनीतीताई, दर गुरुवारी संस्थेची जीप घेऊन वाड्यांवर जायच्या, त्यांच्याबरोबर मी लोकांचे डोळे तपासायला जायचे. म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनाच्या वर जातील. चहाचा वास इथवर येतोय, कळतंय मला. त्याला आणखी थोडा उकळू द्या.

माझ्या आधी जे जे बोलले, त्या प्रत्येकाने एका गोष्टीचं कौतुक केलं. ताई जीप स्वतः ढकलायच्या. दार उघडं ठेवून एक हात स्टिअरिंगवर, उजवा खांदा दाराच्या चौकटीला, आणि गाडी पळायला लागली की उडी मारून आत. डॉक्टरसाहेब याला त्याग म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवायला लागले होते, पण हात मध्येच थांबले. का ढकलावी लागायची हो ती गाडी? इतक्या वर्षांत हे एकानेही विचारू नये?

उत्तर मला पाठ आहे. "जुनी गाडी, वय झालं." डिझेलची आहे, थंडीत दमते. आणि तरीही नाही पटलं तर शेवटचं, सगळ्यांच्या आवडीचं उत्तर: "ताई, तुम्ही आतला दिवा चालू ठेवत असाल." हे ऐकून ऐकून त्या बाईने रोज रात्री जीपची चारही दारं पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आहेत. आतला दिवा तर त्यांनी काढूनच टाकला होता. पेशंटचं रक्त तपासताना टॉर्च माझ्या हातात असायचा. तरीही सकाळी किल्ली फिरवली की टक, आणि गप्प. नवी बॅटरी घातली की महिनाभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

आणि आपला पाचाडचा दवाखाना आहे उतारावर. आपल्याकडे सगळ्यांना ही सवय. गाडी तोंड खाली करून लावायची, सकाळी ब्रेक सोडायचा, दुसरा गिअर, क्लच सोडला की घुर्र. सुरू झाली ना? मग बिघडलंय कुठे? त्या उताराने आपली अशी सोय केली की दुखणं शोधायची गरजच कुणाला वाटली नाही. सपाटीवर अडली की माणसं धावून यायची, "चला रे, शिस्टरची गाडी हाय!" मोठ्या मनाची माणसं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण धक्का द्यायला वीस हात मिळतात म्हणून बॉनेट उघडायला एकही मिळू नये?

इथे पुढच्या रांगेत बयाबाई बसल्या आहेत, वरच्या वाडीच्या. त्या दमायच्या, पायऱ्या चढताना छाती भरून यायची. घरचे म्हणायचे वय झालं. बयाबाईही म्हणायच्या, "आता असाच चालायचा गो बाय." ताई त्यांच्यासमोर फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "वय मला दिसतंय बयाबाई. रक्त कुठे जातंय ते सांगा." बयाबाईंनी मग हळू आवाजात जे सांगितलं, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. वेळेवर ऑपरेशन झालं. आज त्या डोक्यावर भारा घेऊन माझ्या पुढे चालतात आणि वर विचारतात, "दमलीस काय गो?"

वय झालं, हे उत्तर ज्या बाईने कुणाही बाईच्या बाबतीत कधी ऐकून घेतलं नाही, तिला आपण तिच्याच गाडीबद्दल ते ऐकवत राहिलो. आणि आता तिच्याबद्दल. निमंत्रणपत्रिका काढा जरा. छापलं आहे, 'वयोमानानुसार सेवानिवृत्त'. ताई चोपन्न वर्षांच्या आहेत! गेल्या श्रावणात नाते गावच्या सपाटीवर, चिखलात, ही जीप ढकलताना त्यांचा पाय सरकला आणि खांदा निखळला. डॉक्टरसाहेब, तो तुम्हीच बसवलात. निदान तुम्ही तरी त्याग म्हणायला नको होतं.

ताई अंथरुणावर, आणि त्यांच्या जागी आली ही रेश्मा. नवी नर्स, नाते गावचीच. पहिल्याच गुरुवारी गाडी अडली. माणसं गोळा झाली, कुणी म्हणालं, "रेश्मा, लाव खांदा." ही पोरगी दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "मी नाय ढकलणार. आधी सांगा, उभी गाडी खातेय काय?"

इतका साधा प्रश्न.

आम्ही जीप दुसऱ्या गाडीला बांधून महाडला आणली, चंदू इलेक्ट्रिशियनकडे. मी रागावलेच होते, म्हटलं, "अरे, इतक्या बॅटऱ्या तूच विकल्यास ना?" तो म्हणाला, "ताई, बॅटरी दे म्हणून सगळे आले. शोध म्हणून कोण आला नाय."

किल्ली काढलेली, दारं बंद, सगळं बंद. त्याने बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मीटर लावला. झोपलेली गाडी करंट ओढत होती. मग एकेक फ्यूज काढायला घेतला. ज्या फ्यूजला मीटर खाली येईल, तिकडे चोर. सगळे फ्यूज निघाले, मीटर तसाच. म्हणजे कुठलीतरी तार फ्यूजला वळसा घालून थेट बॅटरीवर होती. रेश्माने ती बोटांनी चाचपत नेली. बॉनेटखालून, दाराच्या खांबातून, छताच्या अस्तराखालून, वर टपापर्यंत.

टपावर काय आहे, आठवतं? लोकार्पणाच्या संध्याकाळी बसवलेला दिव्यांचा बोर्ड. शेठ, तुमच्या मातोश्रींच्या नावाचा, कै. आवडीबाई यांच्या स्मरणार्थ. तुम्ही फिटरला म्हणाला होतात, "आईचं नाव विझता कामा नये." मुलाच्या तोंडी शोभणारंच वाक्य आहे ते. फिटरने ते शब्दशः ऐकलं आणि किल्ली काढली तरी बंद होणार नाही अशी तार जोडली. पुढच्याच पावसाळ्यात पाणी शिरून अक्षरं गेली. पण बोर्डामागची, दिव्यांना वीज पुरवणारी डबी चालूच होती. मी हात लावून पाहिला, कोमट होती. शुक्रवार ते बुधवार गाडी उभी असायची आणि ती डबी बसून बॅटरी पीत असायची. चंदूने तार कापली, मीटर शून्यावर आला. ताईंच्या खांद्याचं कारण ते होतं, आतला दिवा नव्हे, दार नव्हे, वय नव्हे.

शेठ, चूक तुमच्या मायेची नाही. पण त्या बोर्डाच्या खाली उभं राहून आपण सगळ्यांनी बाईला दोष दिला, याचा मला संताप येतो, आणि तो मी आज गिळणार नाही. आवडीबाईंचं नाव आम्ही दारावर रंगाने लिहून घेतलं आहे. रंगाला करंट लागत नाही.

आता शेवटचं. मघाशी जाहीर झालं की ताईंबरोबर जीपही भंगारात जाणार आणि गुरुवारची फेरी बंद. का? तर म्हणे गाडी सुरू होत नाही आणि ताईंसारखं ढकलणार कोण! ही जीप गेल्या गुरुवारपासून याच सभागृहाच्या पटांगणात उभी आहे, भाकरीच्या तव्यासारख्या सपाटीवर. तिला कुणी हात लावलेला नाही. रेश्मा, किल्ली घे आणि जा. बाकीच्यांनी बसून राहा. अहो मागचे, सवयीने उठू नका! आज कुणीही ढकलायचं नाही. जरा शांतता ठेवा, खिडक्या उघड्या आहेत.

ऐकलंत?

एका किल्लीत. ताई, रडू नका, मग मलाही बोलता येणार नाही. शेठ, तुम्ही मान हलवलीत ती मी फेरी चालू राहण्याचा होकार धरते. एवढ्या माणसांनी पाहिली आहे.

मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल तर घरची पोर म्हणून पोटात घाला. आणि शेठ, एक विनंती. ताईंना शाल घालताना उजव्या बाजूने सांभाळून घाला. तो हात अजून वर जात नाही.