वीसच्या जागी तेरा

(बिश्केक. विद्यापीठातली संगणकाची प्रयोगशाळा, दुपार. ताइरबेक कॉलेजच्या शिक्षकांना समांतर संगणन शिकवायला शिकवतो. कालीपा नारिनहून आली आहे. विद्यार्थ्यांसमोरचा तिचा नमुना पाठ आत्ताच संपला.)

ताइरबेक : पण सगळ्यांसमोर हात करून मला गप्प बसवायचं म्हणजे काय, एजे?

कालीपा : एजे म्हणतोस ना? मग मोठ्या बहिणीनं एकदा गप्प बसवलं तर चालतं. तू उत्तर सांगायला उठला होतास.

ताइरबेक : उठणारच. चार थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी चार कामं, प्रत्येकानं एकाच आकड्यात लाख वेळा एक मिळवायचा. यायला हवेत चार लाख. पडद्यावर आधी दोन लाख एकसष्ट हजार, मग तीन लाख बारा हजार. मागची ती मुलगी विचारते, यातलं खरं कुठलं? आणि तुम्ही म्हणता, माहीत नाही.

कालीपा : नव्हतंच माहीत.

ताइरबेक : म्हणजे चूक मुद्दाम ठेवली नव्हती?

कालीपा : नाही रे. लॉक लावायला विसरले, तेही फळ्याशी गेल्यावर कळलं. सव्वीस वर्षं पास्कल ही जुनी संगणकभाषा शिकवली. त्यातलं काही एकदा चुकलं की रोज तसंच चुकायचं. हे दर खेपेला नवीन चुकतंय.

ताइरबेक : मग मुलांना फळ्याशी बोलवायचं कसं सुचलं?

कालीपा : म्हटलं, मशीनच्या आतलं दिसत नाही, माणसं तरी दिसतील. चौघांना सांगितलं, फळ्यावरचा आकडा बघा, जागेवर जाऊन एक मिळवा, येऊन लिहा. पाच-पाच वेळा, न बोलता. व्हायला हवे होते वीस, झाले तेरा. एकदा दोघींनी एकदमच सात पाहिले, मग दोघींनीही आठच लिहिले.

ताइरबेक : आणि त्याच मुलीनं सांगितलं, एकीचं लिहून होईपर्यंत दुसरीनं फळ्याकडे बघायचंच नाही.

कालीपा : त्याला लॉक म्हणतात, हे तिला मी मागाहून सांगितलं.

ताइरबेक : पण आराखड्यातल्या नऊ पायऱ्यांपैकी तीनच झाल्या. पाठ पूर्ण झाला का, हे मला तक्त्यात भरावं लागतं. 'नाही' लिहिलं तर तुमच्या कॉलेजला हा विषय मिळणं अवघड.

कालीपा : आमचे डीन म्हणालेच होते, जमलं नाही तर रेकॉर्ड केलेली व्याख्यानं दाखवू पोरांना. तरी तू 'नाही'च लिही. मात्र तेरा का आले, तेही खाली लिही.

ताइरबेक : दोन्ही आधीच लिहिलंय. आमचे प्रमुख दाराशी उभे होते, तुम्ही पाहिलं नसेल. मला बाहेर नेऊन विचारलं, तीन वर्षं तू हेच उदाहरण दाखवतोस, तुला कुणी कधी विचारलं का, खरं कुठलं?

कालीपा : विचारलं होतं?

ताइरबेक : नाही. मी त्याआधीच सांगून मोकळा होतो.

कालीपा : मग? काय म्हणाले?

ताइरबेक : तक्त्यावर सही केली त्यांनी. विषय मिळाला तुम्हाला. आणि म्हणाले, उद्या सकाळचा तास नारिनच्या बाईंना दे. समोर तीस शिक्षक असतील.

कालीपा : सकाळी तर माझी परतीची गाडी आहे.

ताइरबेक : दुपारीही एक असते.

कालीपा : बरं. मग शेजारणीला फोन करते. उद्याही माझी गाय तिलाच दोहावी लागेल.