पटलावरचं पान

वहिनी : पिशवीतून बाहेर काढणार नाही म्हणाला होतात, वन्सं.

नणंद : म्हणाले होते.

वहिनी : आणि मी वर गॅलरीतून बघते, तर वही तुमच्या हातात आणि हात पार डोक्याच्या वर. उत्तर येणाऱ्या पोरीनं वर्गात करावा तसा.

नणंद : वहिनी, आधी बस तू.

वहिनी : दोन तास बसूनच आलेय. एवढं सलग बसायची सवय नाही मला. वॉर्डात बसलेली दिसले की मुकादम बोंब मारतो.

चिटणीस : जरा हळू, वहिनीबाई. ही भिंत नावापुरती आहे. पलीकडे मंत्र्यांची माणसं बसतात, आणि ती कान देण्याचाच पगार घेतात.

(सभागृहाच्या इमारतीतली विरोधी पक्षाच्या खासदारबाईंची खोली. दुपारचे सव्वातीन. टेबलावर कव्हर फाटलेली एक शाळकरी वही.)

वहिनी : हे कोण?

नणंद : माझे चिटणीस. तीस वर्षं याच इमारतीत आहेत. इथले नियम झोपेत म्हणून दाखवतील.

वहिनी : मग जागेपणी तुम्हाला सांगितले नाहीत वाटतं.

चिटणीस : तीनदा सांगितलं. बाई, आकडे तोंडपाठ करा, हातात चिठोरंसुद्धा धरू नका. इथं ज्यानं कागद वाचून दाखवला, त्याच्याकडे समोरचा तोच कागद मागू शकतो. मग तो पटलावर ठेवावा लागतो.

वहिनी : पटल म्हणजे काय आणखी?

चिटणीस : अध्यक्षांच्या पुढ्यातलं ते लांब टेबल. त्यावर ठेवलेला कागद सभागृहाचा होतो. कुणीही बघावा, कुणीही नक्कल घ्यावी. ज्याचा होता त्याला परत मिळत नाही.

वहिनी : छान. धोब्याकडची चादर तरी परत येते.

नणंद : मंत्री काय म्हणाला ते ऐकलंस ना? मी म्हटलं, सरकारी रुग्णालयात रात्री साठ खाटांना दोन बायका असतात, आणि त्यांना मिळतं त्यात महिन्याचे वीस दिवस निघतात. तर त्यानं शांतपणे हजेरीपट उघडला. म्हणाला, 'सहा आहेत. सहांच्या सह्या आहेत. बाईंनी बहुधा स्वप्नात मोजल्या.' सगळे बाक हसले.

वहिनी : दिसत होतं वरून. एक जण छान घोरत होता, तो हसण्यापुरता उठला.

नणंद : पाच वर्षं हेच चाललंय. मी पगार म्हणते, तो कागद म्हणतो. मी माणसं कमी म्हणते, तो कागद म्हणतो. आज पहिल्यांदा माझ्या पिशवीत कागद होता. हात गेला गं माझा.

वहिनी : तुमचा हात गेला. आमची नोकरी जाईल.

नणंद : तुझं नाव घेतलं नाही मी. रुग्णालयाचंही नाही.

वहिनी : ही वही आम्ही का ठेवतो, माहितीये ना? रजिस्टरात ठेकेदाराचा माणूस पहिल्या तारखेलाच तीस दिवसांच्या सह्या उरकून मोकळा होतो. सहा बायकांच्या. त्यातल्या चार जन्मल्यात तरी का, कुणास ठाऊक. मग खरंच कोण आलं, कुठल्या खाटेला काय झालं, हे पुढच्या पाळीला कळायचं कसं? म्हणून चादरींच्या कपाटात, अगदी तळाच्या कप्प्यात, वही. अकरा जणी लिहितात. आजवर एका डॉक्टरच्या नजरेला पडली नव्हती. तुम्ही अख्ख्या देशाला दाखवलीत.

नणंद : शिव्या घाल मला. मोकळी हो.

वहिनी : शिव्यांना वेळ आहे. पुढं काय ते सांगा.

चिटणीस : मी सांगतो. अध्यक्षांनी चारपर्यंत मुदत दिलीय. एक तर वाचलेलं पान बाईंनी पटलावर ठेवायचं आणि सोबत लिहून द्यायचं, की हे अमक्याचं म्हणणं आहे, माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. खाली सही. नाही तर उभं राहायचं आणि शब्द मागे घ्यायचे.

वहिनी : मागे घेतले की?

चिटणीस : तेवढी वाक्यं कामकाजातून काढून टाकतात. साठ खाटा, दोन बायका, पगार, सगळं. बाई बोलल्याच नाहीत असं होतं.

नणंद : मी मागे घेते. ठरलं. काका, चिठ्ठी लिहा अध्यक्षांना.

वहिनी : थांबा हो काका. उद्या छापून काय येईल?

चिटणीस : 'विरोधी खासदाराला खोटं घ्यावं लागलं मागे.' वर फोटो. डोळे मिटलेला निवडतील.

वहिनी : आणि पुढच्या वेळी ह्या पगाराचं बोलायला उठल्या की?

चिटणीस : मंत्र्याला उत्तरही द्यावं लागणार नाही. नुसतं हसलं की पुरे.

वहिनी : हं. पूर्ण वही द्यावी लागते का?

चिटणीस : नाही. वाचलं तेवढंच पान.

वहिनी : वाचा बरं परत एकदा. वरून नीट ऐकू आलं नाही.

चिटणीस : 'रात्र. दोघी. खाट सतरा, आजोबा, पडले. हाक ऐकली. हात मोकळे नव्हते.' एवढंच. खाली नाव नाही.

वहिनी : हे चौकशीवाल्यांच्या कागदात कसं लिहिलंय, माहितीये? 'सेविका झोपली असावी.' आजोबांच्या मुलाला तशी चिठ्ठी गेली. बाप गेला आणि वर हे.

नणंद : वहिनी, हे तुझं अक्षर नाही.

वहिनी : नाही.

नणंद : मी शाळेत होते तेव्हा माझ्या वह्यांवर नाव तूच घालायचीस. तुझी अक्षरं अशी कलंडलेली, वारा लागल्यासारखी. हे ताठ आहे. कोणाचं?

वहिनी : बारकीचं. त्या रात्री आम्ही दोघी होतो. चार महिन्यांचं लेकरू आहे तिला, आणि त्याचा बाप कुठं आहे ते विचारू नका. पाळीत मध्येच चादरींच्या खोलीत जाते, दार ओढून दूध पिळून टाकते, डोळे पुसते आणि परत येते. तिचं नाव त्या टेबलावर गेलं तर ठेकेदार तिला उद्याची सकाळ दाखवणार नाही. माझं घाला.

नणंद : काय?

वहिनी : माझं नाव. अमकीचं म्हणणं, तिथं.

चिटणीस : वहिनीबाई, खाली बाईंची सही असते. अक्षर दुसऱ्याचं निघालं तर मंत्री सोडणार नाही. खासदारकीवर येईल. आणि तुमचं आडनाव एकच. घरच्याच बाईकडून लिहून आणलं म्हणतील.

नणंद : ते म्हणू देत. पण दादा सहा वर्षं अंथरुणावर आहे. घर तुझ्या एकटीवर चालतं. नाव गेलं तर खाल काय?

वहिनी : कसंतरी भागवीन.

नणंद : मी पाठवीन दर महिन्याला.

वहिनी : ते बोलू नका. आयते पैसे घ्यायचेच असते तर निवडणुकीत तुमच्या समोरच्या उमेदवाराकडून घेतले असते. दारात आणून देत होता बिचारा.

नणंद : थट्टा नको, वहिनी. मी खोट्यावर सही करणार नाही. त्यांच्या खोट्या सह्यांवरच तर इतकं ओरडले मी आज. आणि खाली उतरून स्वतः तेच करू?

वहिनी : खोटं नाही ते. अक्षर तिचं आहे. बोल माझे आहेत.

नणंद : म्हणजे?

वहिनी : बारकी पार त्या टोकाला. तिथं एकाची सलाईनची सुई निसटली होती, ती रक्त दाबून उभी. मी इकडे खाट तीसच्या गड्याला कुशीवर वळवत होते. नव्वद किलोचा माणूस, अंगात हालचाल नाही. दोघींचं काम ते. अर्धा वळवला होता. सोडला असता तर खाली आला असता. तेवढ्यात आजोबांनी हाक मारली. 'सूनबाई' म्हणायचे मला. त्यांना संडासला जायचं होतं, दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, आलेच. परत हाक मारली. परत म्हटलं, आलेच.

नणंद : मग?

वहिनी : तिसरी हाक आली नाही. नंतर वही घेतली, तर बोटांत पेन ठरेना. मी बोलले, बारकीनं लिहिलं.

नणंद : हे मला कधी बोलली नाहीस.

वहिनी : तुम्ही आकडे विचारले होते, वन्सं. साठ आणि दोन. ते दिले.

नणंद : खरं सांग. मला सही करता यावी म्हणून तर नाही ना—

वहिनी : खोटंच बोलायचं असतं तर झोपले होते म्हणाले असते. ते सोपं गेलं असतं. निदान हाक ऐकली नाही, असं तरी झालं असतं.

चिटणीस : बाई, पावणेचार.

नणंद : लिहा काका. म्हणणं हिचं, अक्षर दुसरीचं. दुसरीचं नाव विचारलं तर सांगणार नाही, असंही लिहा.

चिटणीस : त्यावर गोंधळ होईल.

नणंद : होऊ दे. माझ्या नावानं होईल.

वहिनी : काका, एक विचारू? हे पान ठेवलं की पगार वाढतो का?

चिटणीस : नाही. समिती नेमतात.

वहिनी : समिती काय करते?

चिटणीस : भत्ता घेते.

वहिनी : म्हणजे कुणाचा तरी पगार वाढला म्हणायचा.

चिटणीस : पान मात्र राहतं, वहिनीबाई. मंत्री येतात, जातात. तळघरात साठ-साठ वर्षांपूर्वीचे कागद आहेत. कुणीतरी ठेवलेले.

वहिनी : वाचतं का कुणी?

चिटणीस : मी वाचतो. जेवणाच्या सुट्टीत.

वहिनी : बरं. अहो, ओढू नका असं! मधली पिन उघडा, घडीशी पट्टी सोडून फाडा. नाही तर जोडीचं पान पण सुटून येईल.

चिटणीस : काय आहे त्यावर?

वहिनी : बारकी बाळंत झाली तेव्हा तिच्या रात्री कोणी कोणी काढल्या, ते. नऊ जणींनी मिळून तिची नोकरी टिकवलीय. ते नको जायला त्या टेबलावर. हां, असं. आता पिन परत दाबा आणि वही द्या मला. सातला पाळी आहे माझी.

नणंद : वेडी का गं तू? चारला पान पटलावर, पाचला सगळीकडे बातमी. सातला मुकादम फाटकातच उभा असेल.

वहिनी : असेल तर परत फिरेन.

नणंद : मग कशाला जातेस? आज माझ्याकडे राहा.

वहिनी : आणि नसला उभा, आणि मी गेले नाही, तर? आज बारकी एकटी असेल, वन्सं.