नोराचा घास

मंडळी, बसा, पुढे खुर्च्या आहेत. ट्रॉयमधल्या या हॉलमध्ये आपण एरवी गणपतीला भेटतो. आज मधूभावजींना निरोप द्यायला जमलोय. मला फार बोलवत नाही. जीव थकलाय. पण त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहिले, तेव्हा बोलायला हवं.

ही पुढे बसलेली नोरा, त्यांची बायको. आयर्लंडमधल्या खेड्यातली. आठवण गेली, इंग्रजी गेलं, उरली फक्त माहेरची आयरिश बोली. मग जेवणही सुटलं. तेव्हा आमच्या या रिटायर्ड इंजिनिअरने काय करावं? आयरिश शिकायला घेतली! चिऊचा घास, काऊचा घास म्हणत तिला भरवायचं होतं. पण चिऊकाऊ तिच्या ओळखीचे कुठले? म्हणाले, "वहिनी, तिच्या वडिलांच्या शेतातल्या धान्याचा घास म्हणतो."

धान्याला ते 'अरूर' म्हणतात. शब्द मूळचा नांगरणीतला. 'धान्याचा' म्हणताना त्याचा शेवटचा 'र' मऊ करायचा. आपला घोडा नाही का 'चा' लागला की 'घोड्या' होत? तेवढ्या एका 'र'साठी भावजी माझ्या ओट्यापाशी घोकत बसायचे.

एकदा म्हणाले, "हा शब्द जुन्या काळी आपल्या धान्यासारखा नपुंसकलिंगी होता. पुढे पुल्लिंगी झाला."

"म्हणजे नांगराला जुंपला म्हणा की!"

"वहिनी, मला जुंपलंय तेवढं पुरे."

भावजी गेले आणि नोराने तोंड मिटलं. लेक मीरा चमचा धरून बसलेली. "काकू, शी वोन्ट इट." काल मी बसले. ओट्सची पेज निवत चाललेली. भावजींचं ते धान्याच्या घासाचं वाक्य म्हटलं, कानावर पडलं होतं तसं. नोरा अशी चिडली! मला दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मीराने चमचा आत सारला. पुन्हा म्हटलं, पुन्हा चिडली, पुन्हा घास. वाटी संपली तेव्हा मीरा आणि मी, दोघी रडत होतो.

पण मंडळी, माझ्याने हे रोज होणार नाही. गुडघे बोलतात, जीभ जड झालीय. मीराला कामावर परतायचंय. म्हणून पदर पसरते. कोणी दुपारी या, कोणी संध्याकाळी. एवढं एकच वाक्य शिका. चुकलं तर ती ओरडेल. ओरडू द्या.

भावजी, तुम्ही निवांत जा. घास आम्ही भरवू.

आता सगळे उभे राहू या. नोराला उठवू नका. जवळ असेल त्याने तिचा हात धरा. आणि क्षणभर कोणी काही बोलू नका.